मंचरला गाडीत चढलेली बाई

देवीने माझं ऐकलं, असं मी अजून कुणापुढे म्हटलेलं नाही. आई म्हणते, आत्या म्हणते, शेजारच्या बायकाही म्हणतात, आणि मी मास्कच्या आड गप्प राहते. ऐकायचंच होतं तर इतक्या उशिरा आणि इतक्या वाकड्या वाटेने का ऐकलं, हा प्रश्न मनातून जात नाही. पण त्या दिवशी एसटीत जे घडलं ते नुसता योगायोग म्हणून बाजूला सारायला गेले, तर तेही जमत नाही. म्हणून लिहिते आहे. पटवून कुणाला काही द्यायचं नाही. जसं घडलं तसं सांगते.

आम्ही ओतूरजवळच्या एका गावात राहतो. वडिलांचं ओतूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मला त्यांनी हौसेने इंग्रजी माध्यमात घातलं, आणि कॉलेजात असताना माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसच्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. त्यानंतर आईने तिची एक किडनी मला दिली. पुण्यात ऑपरेशन झालं, ते नीट पार पडलं, आणि सगळ्यांना वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं नव्हतं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की आपल्या रक्तात सैनिक असतात, ते बाहेरच्या शत्रूला ओळखतात आणि मारतात. आमच्या डॉक्टरांनी मला त्याची दुसरी बाजू समजावून सांगितली. आईची किडनी माझ्या शरीराच्या लेखी बाहेरचीच. आई कोण, तिने काय दिलं, हे रक्ताला कळत नाही. त्याला फक्त परकं कळतं. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेऊन त्या सैनिकांना गुंगी द्यायची. गुंगी कमी पडली तर ते किडनीवर तुटून पडतात. जास्त झाली तर दुसऱ्याची साधी सर्दीसुद्धा माझ्या छातीत घर करून बसते. या दोन्हींच्या मधल्या अरुंद बांधावरून जन्मभर चालायचं. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा स्वतःच्या शरीराचा राग आला. ज्या बाईने पोट फाडून अवयव दिला, तिलाच हे शरीर शत्रू समजत होतं.

नियम खूप होते. गर्दीत जायचं नाही, मास्क काढायचा नाही, न उकळलेलं पाणी नाही, न धुतलेलं फळ नाही, बाहेरचं तीर्थ नाही, प्रसाद नाही. आणि हे सगळं कुठे पाळायचं, तर जिथे करोनानंतर प्रत्येक घरात ‘इम्युनिटी’ हा शब्द मिठासारखा वापरला जातो. दुकानात चूर्णांच्या पुड्या टांगलेल्या, मोबाइलवर काढ्याचे व्हिडिओ. सगळ्या गावाला प्रतिकारशक्ती वाढवायची होती आणि मला ती दाबून ठेवायची होती. हे कुणाला समजावून सांगायचं? मी मुळातच कमी बोलते. रस्त्याने जाताना ऐकू यायचं, “करोना जाऊन लई दिस झालं राव, हिचा मास्क काय निघंना.” कुणी म्हणायचं, इंग्रजी शाळेचं फॅड आहे. मी कानात इअरफोन घालून चालायला लागले. बहुतेक वेळा त्यात गाणं नसायचं. ते कानात असले की लोक काही विचारत नाहीत, एवढाच त्यांचा उपयोग.

गावाच्या टेकडीवर देवीचं छोटं देऊळ आहे. सगळे तिला ‘वरची आई’ म्हणतात. मी आजारी पडेपर्यंत तिच्याशी माझा संबंध यात्रेपुरता होता. दवाखान्यातल्या खाटेवर मात्र मी तिच्याशी मनातल्या मनात बोलायला लागले. मोठ्याने मला कुणाशीच बोलता येत नव्हतं, म्हणूनही असेल. आईचा नवस वेगळा होता. पोर बरी झाली की तिला स्वतःच्या पायाने वर आणीन आणि तुझ्या हातचं तीर्थ तिला देईन, असं ती बोलून बसली होती. ऑपरेशननंतर मी वर गेले, पण तीर्थ घेतलं नाही. एकाच तांब्यातल्या पाण्यात सगळ्यांचे हात बुडत होते. पुजाऱ्याने पळी पुढे केली आणि मी हात मागे घेतला. आई पदर सावरत पायरी उतरायला लागली. आत्या बोलली. ही माझ्या वडिलांची बहीण, तिचं सासर शिनोलीचं. “सुया टोचून घ्यायला चालतंय, अन् देवीचं पाणी चालत नाय,” ती देवळाच्या पायरीवरच म्हणाली, “असल्यानं गुण येत आस्तो व्हय?” त्या दिवसापासून आईच्या मनात तो नवस अर्धवट राहिल्याची सल होती. मला ती दिसत होती. मी काहीच करू शकत नव्हते.

नवरात्र झालं. शेतातलं सोयाबीन निघालं, कांद्याची रोपं टाकून झाली, आणि माझ्या रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. किडनी नीट काम करते की नाही ते या आकड्यावरून कळतं. पहिल्यांदा थोडंसंच वाढलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चुकली का? नाही. बाहेरचं काही खाल्लं? नाही. आयुर्वेदिक, झाडपाल्याचं, कुणी दिलेलं काही? मी ठामपणे नाही म्हणाले, आणि आई माझ्या शेजारी खाली मान घालून बसली होती. गोळ्यांचा डोस बदलला. पुढच्या वेळी आकडा आणखी वर गेला.

त्या आठवड्यांत मी देवीकडे एकच गोष्ट मागत होते. आईचं दिलेलं माझ्याकडून जाऊ देऊ नकोस. मला परत त्या मशीनला जोडलं जाण्याची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती की आईने दिलेला अवयव माझ्या पोटात मरेल आणि त्याचं दुःख तिला मला सांगताही येणार नाही, मलाही तिला सांगता येणार नाही. काय चुकतंय ते कळू दे, असं मी रोज म्हणायचे. काहीच कळत नव्हतं. तोंडाला चव नव्हती, सगळंच कडवट लागायचं. आई रोज थर्मासमध्ये धण्याचं पाणी भरून द्यायची, तेही कडू लागायचं. मला वाटायचं, माझी जीभच कडू झाली आहे.

मग एका सकाळी दवाखान्यातून फोन आला. रिपोर्ट चांगला नाही, आजच या, भरती व्हावं लागेल, किडनीचा तुकडा काढून तपासायचा आहे. आम्ही नेहमी वडिलांच्या मित्राच्या गाडीने पुण्याला जायचो, म्हणजे मला गर्दीत बसावं लागू नये. त्या दिवशी नेमकी ती गाडी वाटेत बंद पडली. दुसरी मिळेना. वडील म्हणाले, तुम्ही एसटीने निघा, मी मागून कशीतरी गाडी करून येतो. ओतूरच्या स्टँडवर उभी असताना मी मनातल्या मनात देवीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतकंच म्हणते की, तू नाहीसच, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं. जिला सांगत होते ती नाहीच असं म्हणतानाही तिलाच सांगत होते, हे नंतर लक्षात आलं.

खिडकीची जागा मिळाली. आई माझ्या शेजारी, तिच्या पलीकडे एक जागा रिकामी. मी मास्कवर मास्क चढवला, काच उघडली आणि इअरफोन घातले. मंचरला गाडी थांबली तेव्हा लोंढाच आत आला, आणि त्यातून एक बाई खोकत खोकत आमच्या बाकापाशी आली. मोकळं कपाळ, डोक्याला फडकं, अंगावर कांद्याच्या पापुद्र्याची धूळ.

“सरका की ताई जरा,” ती आईला म्हणाली. “उभं ऱ्हायाची ताकद नाय. कांदा निवडून निवडून पार घशात गेलाय धुरळा.”

ती बसली आणि पुन्हा खोकली. छातीच्या तळातून येणारा, ओला, जुना खोकला होता तो. मी आईला कोपराने ढोसलं आणि डोळ्यांनी मागे चल म्हणाले. मागे पाय ठेवायला जागा नव्हती. त्या बाईच्या ते लक्षात आलं.

“पोरीला माझ्या खोकल्याचं भ्याव वाटतंय व्हय?” ती हसली. “वाटू दे बाय. आमच्या मुकादमालाबी वाटतं. मला म्हणतो, खोकायचं आसंल तर घरी जाऊन खोक, कांद्यावर नको. आता कांद्याला काय खोकला व्हतोय?”

“तसं नाय वो,” आई ओशाळून म्हणाली. “आप्रेशन झालंय तिचं. जपाया सांगितलंय.”

मी तोंड खिडकीबाहेर केलं. तोंडावर वारा घेत बसले. मनात एकच विचार, आता हीसुद्धा माझ्याच वाट्याला यायची होती. गाडी हायवेला लागली आणि त्या बाईला अशी उबळ आली की ती पुढच्या बाकाला धरून वाकली. आईला राहवलं नाही. पिशवीतून थर्मास काढल्याचा, झाकण फिरवल्याचा आवाज मी ऐकला.

“घ्या, दोन घोट घ्या. बरं वाटंल. गुळवेल हाय, लिंबाच्या झाडावरची. माझ्या नणंदंच्या बांधाला हाय, शिनोलीला. नऊ दिवस देवीच्या घटापाशी ठेवली व्हती तिनं, मग दिली. चांगली उकळून घेते मी. परतिकारशक्ती लई वाढती यानं.”

बाईने घोट घेतला. “आई गं! कडू जहर हाय की! अन् ही पोर पिती व्हय हे?”

“तिला कुठं ठावं हाय,” आई हळू आवाजात, पण जरा कौतुकानेच म्हणाली. “धण्याचं पाणी म्हणून देते. पिती बिचारी.”

माझ्या कानात इअरफोन होते. आईला वाटलं, मी गाणं ऐकते आहे.

मी वळून पाहिलं तेव्हा माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही, पण आईचा हात हवेतच थांबला. “कधीपासून?” मी विचारलं. “घट उठल्यापास्नं,” ती म्हणाली. मग घाईघाईने, “उकळलंय गं. डॉक्टरच म्हणले व्हते ना, काय बी द्यायचं तर उकळून द्या. मी कच्चं एकदा तरी दिलं का तुला? तीर्थ तू घेतलं नाय, म्हणून आत्या म्हणली, हे देवीपाशी ठेवलेलं हाय, उकळून पाज, म्हंजी दोन्ही व्हतंय.”

आईचा हिशोब मला त्या क्षणी स्पष्ट दिसला. इतकी वर्षं डॉक्टरांचा प्रत्येक नियम तिने पाळला होता. भाजी, फडकं, चमचा, सगळं उकळत होती. धोका कच्च्यात असतो, हे तिला समजलं होतं. उकळलं की धोका गेला. शरीरातल्या ज्या सैनिकांना मी गोळ्या खाऊन झोपवत होते, त्यांनाच ती रोज सकाळी, देवीचं नाव घेऊन, उठवत होती. तिने स्वतः दिलेल्या किडनीवर. डॉक्टरांनी झाडपाल्याबद्दल विचारलं होतं, पण तो का नको हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मला वाटत होतं, मला कळलंय म्हणजे घराला कळलंय.

“काय झालं?” त्या बाईने विचारलं. “इख हाय का काय यात?”

“तुमच्यासाठी नाही,” मी म्हणाले. “माझ्यासाठी आहे.” त्या दिवसभरात मी अनोळखी माणसाशी बोललेली तेवढी दोनच वाक्यं.

मी थर्मास घेतला आणि खिडकीबाहेर ओतायला गेले. आईने माझा हात धरला. ती रडत होती, पण हात सोडत नव्हती. घटाचं आहे, रस्त्यावर कसं टाकू देणार? मी ओढत होते, ती धरून होती. मागच्या बाकावरची माणसं बघायला लागली. तेव्हा त्या बाईने आमच्या दोघींच्या हातांतून थर्मास काढून घेतला.

“द्या हिकडं. देवीचं हाय, टाकू नका. मी पिते. मला मानवंल.”

आणि ती प्यायली. झाकणाने नाही, थर्मासच तोंडाला लावून, तोंड वाकडं करत, मध्ये खोकत, थांबून पुन्हा. पार तळ रिकामा होईपर्यंत. मग पदराने तोंड पुसलं आणि रिकामा थर्मास आईच्या मांडीवर ठेवला. “झालं,” म्हणाली. “आता कुणाचं भांडान नाय.” खेडला ती उतरली. उतरताना माझ्याकडे बघून म्हणाली, “नीट व्हशील बाय.” मी साधी मानसुद्धा हलवली नाही. ती तोंडासमोर बोलत होती, म्हणून मी श्वास रोखून बसले होते.

दवाखान्यात मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी जुने रिपोर्ट पुन्हा चाळले. मग म्हणाले, सगळा दोष या काढ्याचाच असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पण हे कळलं नसतं तर आम्ही इकडून झोपवत राहिलो असतो आणि तुम्ही तिकडून उठवत. तुकड्याची तपासणी झाली. शरीराने किडनीवर हल्ला केलाच होता. मग शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस, आणखी एक इंजेक्शन. माझा चेहरा सुजून गोल झाला, तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे आले, हात थरथरायचे. किडनी वाचली. पूर्वीइतकी नाही, तिचा काही भाग कायमचा गेला. राहिली आहे ती किती वर्षं पुरेल ते कुणी सांगत नाही, आणि मी विचारत नाही.

आत्या भेटायला आली ती भांडायच्या तयारीनेच. “आमी काय मुद्दाम दिलं का? लई लोकं पित्यात, कुणाला काय झालं नाय. म्हंजी आमचंच वाईट?” तिला समजावताना वडिलांचा आवाज चढला. तिने खरंच वाईट चिंतलं नव्हतं, हे मला माहीत आहे. शिनोलीहून उन्हात वेल तोडून आणायची, सोवळ्यात ठेवायची, हे प्रेमाशिवाय कुणी करत नाही. आणि तरीही तिला पाहिलं की माझ्या तोंडात ती कडू चव येते. ती अजून गेलेली नाही. जावी असा प्रयत्न मी करते, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

आईने मात्र एकदाच विचारलं. मला सलाइन लावलेलं होतं, ती स्टुलावर बसली होती. “दिली बी मीच, अन् मारीत बी मीच व्हते व्हय गं?” मी तिला नाही म्हणायला हवं होतं. मी भिंतीकडे बघत राहिले. तिनेही पुन्हा विचारलं नाही. आमच्यातलं काही त्या वेळी मोडलं आणि ते किडनीसारखंच अर्धवट बरं झालं आहे. काम चालतं.

शरणागतीबद्दल मी ऐकलेलं सगळं गोड होतं. डोळे मिटले, हात जोडले, भार उतरला. माझा अनुभव तसा नाही. माझं शरीर आईला अजूनही आपलं मानत नाही. ते फक्त गप्प बसवलेलं आहे, आणि रोज सकाळी पुन्हा गप्प बसवावं लागतं. मी आता गोळी हातात घेते तेव्हा देवीचं नाव घेते. मन भरून येतं म्हणून नाही. रोज, मनाविरुद्ध, कुरकुरत का होईना, आत आलेल्या परक्याला जागा द्यायची, एवढीच शरणागती मला जमते, आणि ती तिच्यापुढे ठेवायला दुसरं माझ्याकडे काही नाही. मी मागितलं होतं, काय चुकतंय ते कळू दे. ते कळलं. बंद पडलेल्या गाडीमुळे कळलं, आणि जिच्यापासून मी तोंड फिरवून बसले होते तिच्या छातीतल्या दुखण्यामुळे कळलं. माझं भलं व्हायला कुणाला तरी तसं खोकावं लागलं, हे मला गिळता येत नाही. तिच्या खोकल्याला कुणी औषध दिलं का? आम्ही दोघींनी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

आईने तिची ओटी भरायची ठरवली. आत्या म्हणाली, “कपाळ मोकळं व्हतं म्हणतीस, आन् ओटी? अशा बाईची ओटी भरत्यात व्हय कुणी?” आई आत्याला कधी उलटून बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, “मी भरणार.” तेव्हापासून तपासणीला जाताना आम्ही मंचरच्या स्टँडपाशी गाडी थांबवतो. आई खण, नारळ, तांदूळ पिशवीत घेऊन उतरते आणि कांद्याच्या धुळीने भरलेल्या बायकांचे चेहरे बघत फिरते. ती कधी सापडली नाही. नारळ दर खेपेला परत यायचा.

मागच्या खेपेला आई एका बाकापाशी थबकली. तिथे एक बाई पदर तोंडाला लावून खोकत बसली होती. मी काच बंद करून गाडीत होते, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही. आई वाकून काहीतरी म्हणाली. ती बाई आधी दचकली, मग हसली, मग तिने पदर पसरला. आईने त्यात तांदूळ घातले, खण-नारळ ठेवला आणि खाली वाकून तिच्या पायाला हात लावला.

परत येऊन आई म्हणाली, “ती नव्हं. ही घोडेगावची हाय. म्हणली, कशाबद्दल भरताय? म्हणलं, राहू द्या, माझ्या पोरीसाठी हाय.” आणि तिने सॅनिटायझर मागितलं, माझ्याजवळ बसण्याआधी हात चोळून घेतले.

गाडी सुरू झाली. ती बाई ओटी सांभाळत, खोकत, आमच्याकडेच बघत होती. तिच्याजवळ जायची मला परवानगी नाही, पुढेही कधी नसेल. मी काचेआडून हात जोडले, आणि तिने ते पाहिलं की नाही हे न कळताच आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो.